दोन मार्कांचा डोंगर

बत्तीस वर्षं मी कुर्डुवाडीच्या शाळेत भूगोल शिकवला आणि बत्तीस वर्षं फळ्यावर सह्याद्री काढला. खडू टेकवायचा, वर-खाली, वर-खाली, करवतीचे दात काढावेत तसे सात-आठ त्रिकोण, मधून एक नदी सोडली की झाला सह्याद्री. मुलं वहीत तेच उतरवून घ्यायची. प्रत्यक्षात मात्र आमच्याकडे उसाने भरलेल्या ट्रॉलीपेक्षा उंच काही नसतं. मुंबईला जायचे योग चार-पाचदा आले, पण घाट नेमका झोपेत जायचा. म्हणजे सह्याद्रीची माझी ओळख खडूपुरतीच, आणि निवृत्त झाले तरी त्याचं मला काही वाटत नव्हतं.

मग गेल्या दिवाळीत एक फोन आला. "बाई, मी वैशाली. सातवी ब. वडील रेल्वेत होते, कर्जतहून बदली होऊन आले होते. तुमच्याकडे माझे दोन मार्क राहिलेत."

मला काही आठवेना. तिला सगळं आठवत होतं. सहामाहीच्या पेपरात 'सह्याद्रीची आकृती काढा' असा दोन मार्कांचा प्रश्न होता. या पोरीने डोंगर काढले ते सपाट डोक्याचे, वरून सुरीने कापल्यासारखे. मी शून्य दिलं. तेवढ्यावर थांबले असते तर मी कसली. पेपर वाटताना तिचं पान वर्गापुढे धरलं आणि विचारलं, "हिच्या डोंगरांची डोकी कोणी उडवली रे?" वर्ग हसला. ती म्हणाली, "बाई, आमच्या कर्जतला असेच असतात." आणि मी म्हणाले, "कर्जतला असतील, परीक्षेत नसतात."

हे वाक्य माझंच, यात शंका नाही. अशी वाक्यं मी रोज बोलत असे.

"तुमी एकदा या," वैशाली म्हणाली. "मी तुमाला वर नेते. माथ्यावर उभं राहून स्वतः बघा आन् मग ठरवा."

आता माझा उजवा गुडघा. डॉक्टरांनी तो बदलायचं ठरवलं होतं, फेब्रुवारीची तारीखही दिली होती. "नंतर जिने चढाल, पण डोंगरबिंगर विसरा," असं म्हणाले होते. म्हणजे जे काय असेल ते त्याआधी. संक्रांत झाल्यावर निघायचं ठरवलं. डॉक्टरांना मी हे सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. बॅगेत गुडघ्याचा पट्टा, रबरी बुडाची काठी, शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचं पीठ आणि एक लाल पेन टाकलं. खोटं कशाला सांगू, पेन मार्क द्यायला म्हणून घेतलं नव्हतं. सवयीने घेतलं.

शनिवार, शेतावर

कर्जत स्टेशनबाहेर वैशाली उभी होती. बेचाळीस वर्षांची, दोन मुलांची आई, केसांत एक पांढरी बट. तरी वाकून नमस्कार करताना तिची मान मला एकदम ओळखीची वाटली. वर्गातही ती अशीच खाली असायची.

गाडीत बसण्याआधीच तिने बोट दाखवलं. "ते बघा, माथेरान."

आकाशाला टेकलेली एक लांबच लांब रेघ होती. सरळ. पट्टीने ओढलेली. पण बत्तीस वर्षांची नोकरी काही अशीतशी जात नाही. मी म्हणाले, "अगं, हे पायथ्यावरून दिसतंय. पुढची कडा सपाट दिसते, मागचे शेंडे झाकले जातात. खालून बघून निकाल लावायचा नसतो."

"म्हणून तर वर न्यायचंय," ती हसून म्हणाली.

तिचं सासर चौकच्या रस्त्याला, भातशेतीच्या मधोमध. नवरा मुंबईला नोकरीला जातो आणि त्या रविवारीही त्याला ड्युटी होती. मुलं दोन दिवस आजोळी गेली होती. घरात फक्त तिच्या सासूबाई, म्हणजे जनाबाई. वय विचारलं तर म्हणाल्या, "सत्तर आसंल नायतर पंच्याहत्तर. कोन मोजतंय?" अंगणात ठिपक्यांची सुरेख रांगोळी होती, एकही रेघ इकडची तिकडे नाही. मी कौतुक केलं. वैशालीने नुसतं "हं" केलं आणि चहाला आत गेली.

संध्याकाळी त्यांनी माझ्यासाठी पोपटी लावली. आमच्याकडे जानेवारीत हुरडा, तशी इकडे पोपटी. मडक्यात खाली भांबुर्डा नावाच्या रानझुडपाचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, मीठ, ओवा, पुन्हा पाला, आणि ते मडकं उपडं घालून वरून पेंढा पेटवायचा. हुरड्याला आम्ही आगटीभोवती बसून एकेक कणीस भाजतो, हातावर चोळतो, म्हणजे खाणाऱ्याला काम असतं. इथे सगळं मडक्यात बंद आणि आपण नुसतं बघत बसायचं. मला राहवेना. "झालं असेल आता," असं मी तीनदा म्हणाले. जनाबाईंनी चौथ्यांदा माझ्याकडे पाहिलं आणि मडक्यावर पाण्याचे दोन थेंब शिंपडले. थेंब चर्रकन उडून गेले. "आता झालं," त्या म्हणाल्या. "मास्तरीणबाई, तुमी बगायच्या आदीच बोलता."

हे मला सांगायची शाळेत कोणाची छाती नव्हती.

वाल पहिल्या घासाला कडवट लागले. दुसऱ्या घासाला कडवट बरे लागले. नंतर मी घास मोजले नाहीत. माझी चटणी जनाबाईंनी भीत भीत जिभेला लावली, डोळ्यांत पाणी आलं, "लय तिखट हाय गं बाय," म्हणाल्या आणि वाटी आपल्याकडे ओढून घेतली. शेकोटीच्या उजेडात पलीकडे माथेरानची रेघ काळी होत गेली. मी मुद्दाम तिकडे पाठ करून बसले.

रविवार, सोंडेवाडीपासून वर

सोंडाईचा डोंगर कर्जत आणि खालापूरच्या सीमेलगत आहे. फार उंच नाही. तरुण मुलं तासाभरात वर जाऊन फोटो काढून नाश्त्याला परत येतात. आम्ही टेंपोने सोंडेवाडीपर्यंत गेलो आणि ऊन चढायच्या आत चालायला लागलो. पुढे जनाबाई, डोक्यावर टोपली, टोपलीत नारळ, ओटीचं सामान आणि भाकऱ्या, पायांत काही नाही. मधे मी, स्पोर्ट शूज, पट्टा, काठी, टोपी, पाण्याच्या दोन बाटल्या. मागे वैशाली, मी पडले तर धरायला.

पहिला अर्धा तास मी शिकवत चालले. हा बेसाल्ट, हा लाव्हारसाचा थर, ही झीज. जनाबाई "हां, हां" करत होत्या. मग सागाच्या वाळक्या पानांवरून काठी सटकली, तिचं रबरी बूड निघून घरंगळत दरीत गेलं आणि मी पानांवर बैठक मारली. पानांचा असा आवाज झाला की झाडावरची वानरं पळाली. लागलं काही नाही, पण शिकवणं तिथे संपलं. पुढे काठी दगडावर टक् टक् वाजत राहिली आणि जनाबाई बोलायला लागल्या.

त्यांना डोंगरांची नावं सगळी पाठ, पण प्रत्येकाचं काम वेगळं. "त्या ढाकच्या बाजूनं इज चमकली का गुरं आत घ्यायची. माथेरानच्या सपाटीवर ढग येऊन बसला का भात झाकायचं. ढगाला बसायला जागा हाय ना तिथं, म्हनून बसतो."

"सपाटीवर?" मी विचारलं.

"मंग? टोकावर कसा बसंल?"

मागून वैशाली खोकली. हसू दाबायचा खोकला मला कळतो, आयुष्य त्यात गेलंय.

वर कातळात कोरलेली पाण्याची टाकी लागली. तिथे बसून तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं खाल्लं. आमची ज्वारीची भाकरी म्हणजे कडक, तोडली की आवाज करणारी. ही मऊसूत, घडी घातली तरी मोडत नाही. मी तीन खाल्ल्या. गुडघा तोपर्यंत ठणकायला लागला होता. त्याला गप्प करायला चौथीही खाल्ली.

शिडी

आणि मग शिडी आली. कातळाला टेकवलेली लोखंडी शिडी, तिच्या वर पायऱ्यांसारख्या खोबणी, आणि त्यावर माथा. जनाबाईंनी टोपली खाली ठेवली. "चपला हितं काढा. वर आई हाय. सगळा माथा तिचा."

आमच्याकडे चपला देवळाच्या दारात काढतात. इथे देऊळच नाही, म्हणून डोंगराचा माथा हाच गाभारा आणि शिडी हा उंबरा. कुठे पहारेकरी नाही, तरी खाली कातळावर बुटांचे चार जोड ओळीने ठेवलेले होते आणि वरून शहरातल्या मुलांचे आवाज येत होते. ती मुलंही अनवाणी गेली होती.

मी बूट काढले, मोजे काढले, शिडीला हात लावला, उजवा पाय पहिल्या पायरीवर ठेवून अंग वर उचललं आणि गुडघ्यातून अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. खाली उतरले. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा उतरले. मग कातळावर बसले आणि घाम पुसायला लागले.

वैशाली शेजारी बसली. मग म्हणाली, "बाई, राहू द्या. पायाला काय झालं तर तुमच्या मुलाला मी काय सांगू? हितपर्यंत आलात, मला लय झालं. नुसतं म्हणा, दोन मार्क दिले. मला पोचले."

तिने हे मनापासून म्हटलं होतं. मलाही ते सोपं होतं. मी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते भलतंच. "अगं, न बघता मार्क कसे देऊ?"

बोलले आणि तिथेच अडकले.

कारण मी कापले होते ते न बघताच. एक मुलगी रोज सकाळी दारातून पाहिलेला डोंगर कागदावर काढते, आणि ज्या बाईने डोंगर पाहिलेला नाही ती तिला शून्य देते, वर हसवते. मला त्या क्षणी फार लाज वाटली. म्हातारपणी अशी लाज वाटली की ती लपवायलाही जागा नसते. कान गरम झाले होते.

"जनाबाई," मी म्हणाले, "मला वर जायचंय. कसं जाऊ सांगा."

त्यांनी माझ्याकडे, मग गुडघ्याकडे पाहिलं. "भाताची कणगी भरायला माळ्यावर चढतो ना आमी, तसं चढा. चांगला पाय आदी वर. दुखरा मागनं त्याच्याच शेजारी आना. एका पायरीवर दोन पाय. घाई नाय. आन् खाली बगू नका, माज्या टाचा बगा."

त्या पुढे चढल्या. मी त्यांच्या टाचा बघत राहिले. भेगा पडलेल्या, चिखलात आयुष्य गेलेल्या, पण पायरीवर अशा बसत होत्या की जागच्या हलत नव्हत्या. डावा वर. उजवा शेजारी. डावा वर. उजवा शेजारी. अनवाणी पायाला लोखंड गार लागत होतं आणि बुटांपेक्षा पकडही चांगली होती. मागून वैशालीचा तळहात माझ्या पाठीवर होता. ढकलत नव्हता, नुसता होता. वरची चार शहरी मुलं वाकून बघत होती. शेवटच्या खोबणीला मी हात टेकले, गुडघा टेकवला, आणि चार पायांवर, टोपी वाकडी, आई सोंडाईच्या दारात पोचले.

माथा

वर भगवा झेंडा, शेंदूर लावलेली देवी, आणि वारा. माथा जेमतेम आमच्या शाळेच्या स्टाफरूमएवढा. जनाबाईंनी नारळ फोडला, ओटी भरली. मी उठून उभी राहिले आणि बघितलं.

माथेरान सपाट. मागे शेंडे असतील म्हणाले होते, ते कुठेच नाहीत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भिंत आणि तिच्यावर हिरवी चादर अंथरलेली. पलीकडे प्रबळ, तोही सपाट. पायथ्याशी मोरबे धरणाचं निळं पाणी आणि त्याच्या वर इर्शाळ. तिकडे बघून जनाबाईंनी हात जोडले. तिथली वाडी दरडीखाली गेली ते मी टीव्हीवर पाहिलं होतं, त्यांची त्यात ओळखीची माणसं होती.

मग मी पूर्वेला वळले. खाली भाताची चौकोनी खाचरं, कर्जतची घरं, आणि त्यामागे एकामागे एक ढाक, राजमाची, खंडाळ्याचा घाट. भली थोरली भिंत, आणि तिची वरची कडा पुन्हा तीच, पट्टीने ओढल्यासारखी.

शिक्षकाला हरताना शेवटची एक पळवाट लागते. मला ती सापडली. "तो बघ!" मी जवळजवळ ओरडले. "तो टोकाचा आहे!"

"नागफणी," वैशाली शांतपणे म्हणाली. "आमचे बाबा घाटात ड्युटीला असायचे, ते रोज तिच्या खालून जायचे. ती मी काढली होती बाई. कोपऱ्यात. एकच टोकाची. तुमी बघितलीच नाय."

मी खाली बसले. दूर घाटाच्या पोटातून एक आगगाडी निघाली आणि वर चढायला लागली. तीच लाइन पुढे पुण्यावरून कुर्डुवाडीला जाते.

"त्या भिंतीच्या वर काय हाय माहितीय का तुमाला?" वैशालीने विचारलं. "तुमचं गाव हाय. 'सह्याद्री म्हणजे दख्खनच्या पठाराची पश्चिमेकडची कडा', हे तुमीच लिहून दिलं होतं. पठाराची कडा टोकाची कशी असंल, असा मला तेव्हाच प्रश्न पडला होता. विचारायचा धीर नाय झाला."

मी दरवर्षी ते वाक्य लिहून द्यायचे आणि त्याच तासाला फळ्यावर त्रिकोण काढायचे. वर सांगायची कमाल म्हणजे, ज्या डोंगराची माझी ओळख खडूपुरतीच होती, त्याच्याच डोक्यावर मी आयुष्यभर राहत होते.

हसू आलं मला. पोट धरून हसले. वैशालीही हसली, पण ती आधी थांबली.

"नंतर मी चित्र काढलंच नाय," ती म्हणाली. "भूगोलात आकृती सोडून द्यायची. पोरांना शाळेत काय काढून पायजे असलं का त्यांच्या बाबाकडं धाडते. रांगोळीसुद्धा ठिपक्यांचीच काढते. ठिपके असले का चुकत नाय."

मला तिच्या अंगणातली ती बिनचूक रांगोळी आठवली. दोन मार्कांची गोष्ट मी इतके दिवस गंमत समजत होते.

"वैशाली," मी म्हणाले, "माझं चुकलं. मार्क कापले ते चुकलंच. पण तुला सगळ्यांसमोर हसले, ते जास्त चुकलं."

तिने पदर डोळ्यांना लावला. जनाबाई खोबऱ्याचे तुकडे वाटत होत्या, त्यांनी माझ्या हातावर जरा मोठा तुकडा ठेवला. "घ्या," म्हणाल्या. "परसाद हाय."

मी पर्समधून प्रवासाच्या टिपणांची वही काढली, कोरं पान उघडलं आणि पेन्सिल तिच्या हातात दिली. "काढ."

"मला नाय येत आता."

"सातवी ब. काढ."

ती मांडी घालून बसली. पहिली रेघ थरथरली. दुसरी कमी थरथरली. मग तिची मान खाली गेली आणि ती आम्हाला विसरली. माथेरानची लांब रेघ, शेवटी एकदम तुटलेला कडा, प्रबळ, इर्शाळ, धरणाचं पाणी, दुसऱ्या बाजूला घाटाची भिंत, आणि कोपऱ्यात नागफणी. चार शहरी मुलं तिच्या मागे उभी राहून बघत होती. "काकू, भारी!" त्यांच्यातली एक मुलगी म्हणाली.

मी पान हातात घेतलं. ताडून बघितलं, एकदा कागद, एकदा डोंगर. सवय जात नाही. "दिशा दाखवली नाहीस."

तिने मुकाट्याने वर एक बाण काढला आणि 'उ' लिहिलं. मी लाल पेनाने खाली लिहिलं, दोनपैकी दोन, आणि सही केली. वैशालीने ते पान वहीतून नीट फाडून घेतलं, चार घड्या करून ब्लाउजमध्ये ठेवलं, आणि उतरताना दर वळणावर एकदा चाचपून बघितलं.

उतरायला मला अडीच तास लागले. नाकी नऊ आले, दोनदा बसून घसरत आले, साडीचा एक काठ सोंडाईला राहिला. डॉक्टरांनी नंतर गुडघ्याचा फोटो बघून विचारलं, "मधे काही विशेष केलंत का?" मी म्हणाले, "पेपर तपासत होते."

फेब्रुवारीत ऑपरेशन झालं. मार्चमध्ये, पाडव्याच्या सकाळी, मी पाय उशीवर ठेवून पडले होते तेव्हा फोनवर वैशालीचा फोटो आला. तिच्या दारात गुढी, गुढीपुढे अंगणभर रांगोळी. माथेरानची लांब सपाट रेघ, घाटाची भिंत, निळ्या रंगाचं पाणी, कोपऱ्यात नागफणी, वरच्या बाजूला बाण आणि 'उ'. मी फोटो मोठा करून, चष्मा लावून, इकडून तिकडे तपासला. ठिपका एकही नव्हता.